वीजबिलाच्या मागे वॉटर्लू

नोंद क्रमांक १४.

गेल्या वेळी लिहिलं होतं की दहापैकी गुण द्यायचा कंटाळा आलाय. खरेपणा, पात्रनिवड, लांबी असे तीन रकाने आखून दीड वर्ष वही भरली, आणि बेरीज केली तर सगळेच युद्धपट साडेसहाच्या आसपास येऊन बसलेले. रकाने ठेवले, गुण उडवले. त्याऐवजी आता सिनेमा संपला की कोरा कागद घ्यायचा आणि रणभूमी काढायची. टेकडी कुठे, नदी कुठे, कोण कुठून आलं. काढता आली तर लढाई दाखवली, नाहीतर नुसता धुरळा.

सुरुवात १९७० च्या ‘वॉटर्लू’पासून केली. सर्गेई बोंदार्चुकचा, नेपोलियनच्या १८ जून १८१५ च्या शेवटच्या लढाईवरचा. संगणकावर फौजा उभ्या करायची सोय नव्हती, म्हणून सोव्हिएत लष्कराचे पंधरा हजारांच्या आसपास खरे जवान गणवेश चढवून युक्रेनच्या शेतांत उभे केले होते. सोबतीला भाचा होता, इयत्ता आठवी. पहिला तासभर तो मोबाइलमध्ये, आणि मला त्याला बोलताही येईना. नेपोलियनचं पदत्याग करणं, एल्बा बेटावरून परत येणं, ब्रसेल्समधलं नाचगाणं. नाचगाणं खरं आहे बरं का, १५ जून १८१५ च्या रात्री रिचमंडच्या डचेसनं खरोखर मेजवानी दिली होती. पण १३४ मिनिटांतला जवळपास निम्मा सिनेमा असा जातो.

मग पाऊस येतो आणि सिनेमा सुटतो. आदल्या रात्रभर पाऊस पडला होता, जमीन सुकायची वाट बघत नेपोलियननं सकाळ घालवली, आणि तोफा सुरू व्हायला साडेअकरा वाजले. चिखलाची एवढी धास्ती का, हे भाच्याला समजावलं. भरीव लोखंडी गोळा पडला की थांबत नाही, टप्पे घेत रांगेच्या रांगा कापत जातो. ओल्या मातीत मात्र पडला तिथेच रुतून बसतो. “म्हणजे टेनिस बॉल आणि चिखलाची पिच,” तो म्हणाला आणि मोबाइल उलटा ठेवला. ते उलटा ठेवणं मी वहीत लिहून घेतलंय.

समोरच्या ब्रिटिश सेनापतीचं, वेलिंग्टनचं सैन्य टेकडीच्या मागच्या उतारावर का, हे त्यानं आपणहून विचारलं. “मामा, हे लोक गवतात झोपलेत का?” थोड्याच वेळात ते उठून उभे राहिले आणि नेपोलियनची खास गार्ड पलटण कोलमडली. याला म्हणतात दाखवणं.

कागद म्हणजे महावितरणचं बिल, पाठकोरं. भाच्यानं टेकडीची रेघ ओढली, उजवीकडच्या टोकाला उगूमोंचा वाडा, मधोमध ला एॅ सेंतची शेतवाडी, मग घोडदळ परतवणारे पायदळाचे चौकोन. सगळं जागच्या जागी. मग वेलिंग्टनच्या मदतीला आलेल्या प्रशियन सैन्याचा बाण काढायला पेन उचलला आणि तो तसाच हवेत धरून बसला. बाबा मागून म्हणाले, “अरे, आले कुठून ते?” सिनेमात ते झाडीतून येतात, एवढंच. प्रत्यक्षात ते पूर्वेकडून, फ्रेंचांच्या उजव्या बगलेवर आले, आणि दुपारी साडेचारपासून प्लान्सनुआ गावात तासन् तास रक्त सांडत राहिले. नेपोलियनची राखीव फौज तिथे गुंतून पडली. ते गाव सिनेमात नाहीच. त्यांच्या सेनापतीचं, ब्ल्यूशरचं निम्मं श्रेय असं गेलं.

पात्रनिवडीत मात्र हा सिनेमा भाव खाऊन जातो. त्या दिवशी नेपोलियन ४५ वर्षांचा होता आणि वेलिंग्टन ४६. रॉड स्टायगर चित्रीकरणाच्या वेळी चव्वेचाळीसच्या घरात. सुटलेलं पोट, पोटात कळ, घाम, मध्येच डाफरणं, सगळं पटतं. क्रिस्टोफर प्लमर वयानं लहान, पण थंडपणा चोख.

दुसऱ्या रात्री २०२३ चा ‘नेपोलियन’. यावर फार शाई घालवणार नाही. वॉकीन फीनिक्स नट म्हणून मोठा, पण फ्रान्समधल्या तूलाँ बंदराच्या वेढ्यात, म्हणजे १७९३ मध्ये, नेपोलियन २४ वर्षांचा होता. इथे पन्नाशीला टेकलेला माणूस धापा टाकत तटावर चढतो. जोसेफीन नवऱ्याहून सहा वर्षांनी मोठी होती, इथे ती चौदा वर्षांनी धाकटी नटी करते. त्या दोघांच्या नात्याचा तोलच बदलला. पिरॅमिडवर तोफ डागली नव्हती. वॉटर्लूला बादशहानं स्वतः तलवार उपसून घोडदळ नेलं नव्हतं. वेलिंग्टन आणि तो आयुष्यात कधीच भेटले नाहीत, इथे जहाजावर गप्पा मारतात. एका शिपायाच्या बंदुकीला तर चक्क दुर्बीण आहे. आणि २८ वर्षांचं आयुष्य १५७ मिनिटांत कोंबायचं म्हटल्यावर ट्रफॅल्गरची सागरी लढाई गायब, स्पेनची मोहीम गायब. दिग्दर्शकाची जवळपास साडेतीन तासांची आवृत्तीही नंतर आली, पण माझ्यात धीर नाही. वॉटर्लूचा कागद कोराच राहिला. भाच्यानं त्यावर फुली मारून खाली सही केली.

मराठीत कुणाचं ‘वॉटर्लू’ होतं किंवा ‘पानिपत’ होतं, म्हणून तिसरा सिनेमा २०१९ चा ‘पानिपत’. बाबांच्या आग्रहाखातर. लांबी पावणेतीन तासांच्या वर, आणि गाण्यांच्या वेळी बाबाच चहा टाकायला उठत होते. पात्रनिवडीत माझं भांडण एकच. अब्दाली १७६१ मध्ये चाळिशीच्या आतबाहेर होता, इथे साठीचा संजय दत्त. पडद्यावर दरारा येतो, पण एका तरण्या, चपळ सेनापतीशी गाठ होती ही गोष्ट निसटते. कागदावर बाबांनी गोलाची लढाई, म्हणजे सगळी फौज गोलात बांधून पुढे सरकायची ती, झकास काढली: इब्राहिमखान गारद्याच्या तोफा डावीकडे, मध्ये भाऊ आणि विश्वासराव, समोर अब्दालीच्या जंबुरका, म्हणजे उंटांवरच्या हलक्या तोफा. कागद बाद केला. ते पुस्तकं वाचून बसलेत. आईला काढायला सांगितलं तर तिनं एक हत्ती काढला.

जो सिनेमा कुणी काढला पाहिजे, तो आपल्या दारात पडलाय. असई, भोकरदनजवळ, जालना जिल्हा. २३ सप्टेंबर १८०३. हाच वेलिंग्टन, तेव्हा नुसता आर्थर वेलस्ली, वय ३४. समोर दौलतराव शिंदे, वय २४, आणि नागपूरकर भोसले. शिंद्यांची कवायती पायदळं पोलमन नावाच्या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली, तोफा शंभराच्या आसपास. वाटाड्ये सांगत होते की खेळणा नदीला जवळपास उतार, म्हणजे पाण्यातून पार व्हायची जागा, नाही. वेलस्लीला समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून बसली असतील तर मध्ये जायची वाट असणारच, असा त्यानं हिशेब केला, आणि तसा उतार निघाला. लढाई त्यानं जिंकली, पण शिंद्यांच्या गोलंदाजांनी जागा न सोडता दीड हजारांवर माणसं मारली आणि जायबंदी केली. म्हातारपणीही तो वॉटर्लूच्या वर असईच धरायचा. नदी, दोन गावं, एक दुपार. नव्वद मिनिटांत बसेल. नाचगाणं नको.

दिवाळीनंतर आम्ही दोघं मित्र गाडी काढून तिथे गेलो होतो. छापलेला जुना नकाशा हातात, काठाकाठानं तासभर भटकलो, बूट चिखलात. कापूस वेचणाऱ्या एका काकांना विचारलं, जुना उतार कुठे. त्यांनी नकाशाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं.

“जमीन घ्यायची का?”

नाही म्हटल्यावर त्यांनी हात केला. पन्नास पावलांवर एक बैलगाडी पाण्यातून पलीकडे चालली होती.