सदाफुलीची तहान

आत्तापर्यंत माझ्या हातून चार सदाफुल्या मेल्यात. गुलाब मेला तर लोक हळहळतात, ऑर्किड मेलं तर कोणाला नवलही वाटत नाही, पण सदाफुली मेली म्हटलं की लोक असे बघतात जसं काही मला चहा पण करता येत नाही. आमच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉकच्या फटीत एक उगवलीय, तिला आजवर कोणी थेंबभर पाणी घातलेलं नाही, स्कूटरची चाकं घासून जातात, वॉचमनचा झाडू फिरतो, आणि बाई बारा महिने गुलाबी. आणि वर तिसऱ्या मजल्यावर माझ्या बाल्कनीत शेणखत बिणखत घालून, रोज सकाळी झारीने पाणी देऊन वाढवलेली महिन्याभरात खलास.

तिसरी गेली तेव्हा आईला फोन केला. आई लातूरची. तिने पहिला प्रश्न विचारला, "रोज पाणी कशाला घालायलीस तिला?"

आता काय सांगणार. सकाळी सहा वाजता एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात झारी घेऊन बाल्कनीत उभं राहायचं हा माझा दिवसातला एकमेव वेळ आहे जेव्हा कोणी काही मागत नाही. झारी भरलेली असते, तुळशीला झालं, मोगऱ्याला झालं, मग शेजारची कुंडी कोरडी ठेवायची कशी? पंक्तीत एकाचंच पान रिकामं ठेवल्यासारखं वाटतं.

चौथीच्या वेळी मात्र नीट लक्ष ठेवलं. झालं असं की पानं मलूल झाली, मला वाटलं तहानलीय, पाणी घातलं. अजून मलूल झाली, अजून घातलं. शेवटी खोड मातीजवळ काळं पडलं आणि जरा ओढून बघावं म्हटलं तर आख्खं झाड अलगद हातात आलं, मुळांची सालं सुटून आली आणि कुबट वास. सतत ओल राहिली की हिच्या मुळांना बुरशी लागते, मुळं कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणजे झाड गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून तहानेने मरतं, आणि आपण बाहेरून बघून म्हणतो अरेरे, अजून थोडं पाणी घालूया. जास्त पाणी झालं तरी पानं मलूल, कमी पडलं तरी मलूल, तिने सांगावं तरी कसं.

आईने फोनवर सांगितलेला फरक असा, की दुपारी उन्हात पानं मिटून मान टाकली तर अजिबात घाबरायचं नाही, ते तिचं स्वतःपुरतं पाणी वाचवणं असतं, संध्याकाळी उठते आपोआप. सकाळी ऊन्हाच्या आधी पण तशीच दिसली तर बोट मातीत घालायचं, दोन पेरं कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर हात मागे. नर्सरीतल्या झाडाच्या बाबतीत हे पण फसवतं बरं का, कारण त्या काळ्या पिशवीत बहुतेक कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा असतो, वरून भुसभुशीत कोरडं आणि आत स्पंज.

मग पाचवी आणली तेव्हा सगळं बदललं. प्लास्टिकच्या जागी मातीची कुंडी, भोकावर फुटक्या कुंडीची खापरी, दोन भाग माती एक भाग वाळू. आणि खालची ताटली काढून टाकली. ती ताटली खरं तर झाडासाठी नव्हतीच, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांसाठी होती. आता मी कुंडी उचलून बाथरूममध्ये नेते, खालून पाणी निघेपर्यंत भरपूर घालते, निथळू देते आणि परत जागेवर. मे महिन्यात दोन-तीन दिवसांनी, थंडीत आठवड्याने, पावसाळ्यात छज्ज्याखाली सरकवून नुसतं बघत बसायचं. उचलायची सवय झाल्यापासून बोट पण घालावं लागत नाही, वजनावरून कळतं.

आईला हे सगळं कुठून कळलं तर तिने काही वाचलेलं नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं होतं ते आठवत असेल, पहिल्या गाडीला दहा टँकर, साधारण ५ लाख लिटर. टीव्हीवर सगळ्या देशाने ती गाडी बघितली. आईच्या दारात त्या उन्हाळ्यात जास्वंद गेली, मोगरा गेला, तगर नुसती काठी राहिली. भाजी धुतलेलं पाणी एका घमेल्यात साठायचं, ते आधी तुळशीला, आणि उरलंच तर सदाफुलीला. बहुतेक दिवस उरायचं नाही. तरी पांढरी, मधे लाल ठिपका असलेली फुलं रोज असायची, देवाला तीच.

मूळची ही मादागास्करची. शेळी पण तोंड लावत नाही इतकं कडू झाड. आईच्या शेजारचे काका शुगरसाठी सकाळी तिची फुलं चावायचे (तुम्ही करू नका, झाड विषारी आहे). गंमत म्हणजे कॅनडात नोबल आणि बीअर या दोन शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात शुगरवरच्या औषधासाठीच तिची पानं तपासायला घेतली होती, शुगर काही उतरली नाही पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या, आणि त्यातून कॅन्सरवरचं व्हिनब्लास्टिन निघालं. पोरांच्या ब्लड कॅन्सरमध्ये देतात ते व्हिनक्रिस्टिन पण हिच्यातलंच. हे वाचल्यापासून पार्किंगमधून गाडी काढताना मी जरा जपून वळवते.

दिवाळीत आई आली होती. पाचवी आता वर्षाची झालीय, बुंधा लाकडासारखा झालाय, काळ्या बारीक बिया शेजारच्या कुंडीत पडून चार पिल्लं पण आलीत. मी आदल्याच दिवशी तिला बाथरूममध्ये नेऊन आंघोळ घातली होती. सकाळी उठून बघते तर आई बाल्कनीत, हातात तांब्या, आणि सदाफुलीला पाणी घालणं चाललेलं, अगदी सावकाश, धार बारीक करून.

"आई, अगं! तूच म्हणाली होतीस ना?"

"हो गं," ती म्हणाली, "नळाला पाणी होतं, म्हणलं घालावं थोडं."

माती कालचीच ओली होती. मी काही बोलले नाही, चहा ठेवायला आत गेले.