आग कमी, जिने जास्त

स्टुटगार्टजवळच्या आमच्या छोट्या गावात पगारी अग्निशमन दल नाही. सुतार, शिक्षक, शेतकरी आणि माझ्यासारखा दिवसभर संगणकापुढे बसणारा पुण्याचा अभियंता असे सगळे कमरेला पेजर लावून आपापली कामे करीत असतात आणि तो वाजला की हातातले टाकून ठाण्याकडे धावतात. जर्मनीत पगारी दले मुख्यतः मोठ्या शहरांतच आहेत. बाकी देशाची भिस्त सुमारे १० लाख स्वयंसेवकांवर आहे. आमच्या भागातली रुग्णवाहिका मात्र जर्मन रेड क्रॉसची असून तिच्यावर तीन वर्षांचे शिक्षण घेतलेला पगारी पॅरामेडिक असतो. दोन्ही सेवांसाठी ११२ हा एकच क्रमांक आणि एकच नियंत्रण कक्ष आहे.

नाव नोंदवताना आपण आगी विझवणार, अशी माझी समजूत होती. शनिवार-रविवार खर्च करून ७० तासांचे पायाभूत प्रशिक्षण पार पडले. श्वसनयंत्र वापरण्यासाठी वेगळी वैद्यकीय तपासणीही झाली, ज्यात सायकल चालवत असताना हृदयाचा आलेख काढतात. (खरी परीक्षा होती ती आमच्या प्रमुखांची श्वाबियन बोली समजण्याची, वर्गात शिकलेले जर्मन तिथे फारसे कामी आले नाही.) त्यानंतर पेजर पहिल्यांदा वाजला तो रात्री दोन वाजता, आणि त्यावर एकच शब्द होता : ‘ट्रागेहिल्फं’, म्हणजे रुग्ण उचलायला मदत.

जुन्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर एक वजनदार आजोबा होते, त्यांना बसवताही येत नव्हते, आणि वळणाचा लाकडी जिना रुग्णवाहिकेच्या दोघांच्या आवाक्याबाहेरचा होता. आम्ही चौघांनी कडांना मुठी असलेल्या कापडी झोळीत त्यांना घेतले. डोक्याशी उभी असलेली पॅरामेडिक ‘दोन पायऱ्या, थांबा’ असे सांगत होती आणि मागून आजी त्यांच्या सपाता हातात धरून येत होत्या. जिथे जिना मुळीच चालत नाही, तिथे शिडीची गाडी मागवून तिच्या पाळण्यावर स्ट्रेचर बसवावे लागते. पहिल्या वर्षी मी आगीपेक्षा अशा जिन्यांवरच अधिक राबलो.

उरलेले प्रशिक्षण दलात काम करतानाच दोन वर्षे चालते. त्यातला रेड क्रॉसबरोबरचा संयुक्त सराव माझ्या कायमचा लक्षात राहिला. भंगारातली मोटार, आत जखमीच्या भूमिकेत आमच्यातलाच एक जण. गाडीखाली लाकडी ठोकळे सरकवून ती स्थिर करणे, बॅटरीची तार काढणे, न उघडलेल्या एअरबॅगपासून बाजूला ३०, चालकासमोर ६० आणि शेजारच्या आसनासमोर ९० सेंटिमीटर अंतर राखणे, हे सारे मला पाठ होते. त्याच भरात मी हायड्रॉलिक स्प्रेडर, म्हणजे पंपाच्या दाबाने जबडे उघडून फट रुंदावणारे अवजार, दाराच्या फटीत घातला आणि दाबला. दार कडाडले, सगळी गाडी हादरली. आत मागच्या सीटवर बसलेली पॅरामेडिक दोन्ही हातांनी रुग्णाची मान धरून होती. मानेचा पट्टा अजून बांधायचा होता. तिने ओरडून थांबवले आणि प्रमुखांनी पंप बंद केला.

“दार तुझे आहे, पण मान माझी आहे. मी सांगेपर्यंत दार उघडायचे नाही,” ती शांतपणे म्हणाली. मला राग आला, कारण मी शिकवलेल्या क्रमानेच चाललो होतो. पण रुग्णाला ताबडतोब ओढून काढायचे की छत कापून सावकाश, हे त्याच्या प्रकृतीवरून ठरते आणि ती प्रकृती मला बाहेरून दिसतच नव्हती. त्या संध्याकाळी ठाण्यात भाजलेले सॉसेज खाताना दोन्ही बाजूंनी ठरवले की यापुढे आमच्यातला एक जण हातात कोणतेही अवजार न घेता तिच्या खिडकीशी उभा राहील आणि तिचे म्हणणे मोठ्याने आमच्यापर्यंत पोचवेल.

पुढच्या हिवाळ्यात राज्यमार्गावर खरा अपघात झाला. स्प्रेडर पुन्हा माझ्याच हातात होता आणि आतही तीच होती. पंप चालू होता, दंडाला रग लागली होती. खिडकीशी उभ्या असलेल्या सुताराने हात वर धरला होता आणि मी त्या हाताकडे बघत थांबलो होतो.