एक वही जवळ ठेवा

आज वहीबद्दल लिहायचं आहे. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घरी सांभाळायचं ठरलं की आधी औषधांचा डबा येतो, न्हाणीघरात धरायला दांडी बसते, दाराला वेगळी कडी लागते. हे सगळं लागतंच. पण त्याच्याही आधी जाड पुठ्ठ्याची एक वही आणि तिला दोऱ्याने बांधलेलं पेन हवं, असं माझं ठाम मत आहे. या आजारात दुखलं-खुपलं ते सांगता येत नाही. दाढ ठणकतेय, लघवीला जळजळ होतेय, चार दिवस पोट साफ नाही, हे सगळं वागण्यातून बाहेर पडतं: चिडणं, हात झटकणं, ताटावरून तोंड फिरवणं, रात्रभर येरझाऱ्या घालणं. घरचे म्हणतात, "आजार वाढला." पुष्कळदा आजार होता तिथेच असतो, बिघडलेलं असतं दुसरंच काहीतरी. ते शोधायचं तर मागचे आठ दिवस डोळ्यांसमोर हवेत, आणि सांभाळून थकलेल्या माणसाला कालची दुपारही धड आठवत नाही.

"दुपारभर त्रास दिला" अशा नोंदीचा कुणालाच उपयोग नाही. वेळ लिहायची, त्याआधी काय चाललं होतं ते लिहायचं, मग नेमकं काय केलं, कोणते शब्द बोलले, आणि कशाने शांत झाले. उदाहरणार्थ: "४.४०. टीव्हीवर बातम्या, आवाज मोठा. उठून दाराशी गेले, 'घरी जायचंय' तीनदा म्हणाले. टीव्ही बंद, दिवा लावला, शेजारी बसून हात धरला. दहा मिनिटांत बसले." अशा सात-आठ नोंदी एकाखाली एक आल्या की कारण दिसायला लागतं. दर वेळी साडेचारनंतर, किंवा दर वेळी गोंगाटात, किंवा दर वेळी शौचाला न झालेल्या दिवशी. त्याखेरीज रोजची एक ओळ: झोप किती, पाणी किती, शौच झालं का, औषध कोणी दिलं. हे "कोणी" विसरू नये. सांभाळणारे दोघं-तिघं असतील तर प्रत्येकाला वाटतं गोळी राहिली, आणि ती दोनदा जाते. वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी.

वहीमुळे बदल किती दिवसांत झाला ते कळतं, आणि माझ्या मते तिचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. अल्झायमरची, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकाराची, घसरण महिन्यांत आणि वर्षांत होते. काल हाताने जेवलेल्या माणसाला आज घास तोंडाकडे नेता येत नसेल, काल नावाने हाक मारणारा आज हवेत काहीतरी पकडत असेल, तर तो डिलिरियम, म्हणजे शरीरातल्या बिघाडामुळे अचानक उद्भवलेला मेंदूचा गोंधळ, असू शकतो असं धरून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, नवं औषध, पडून डोक्याला लागलेला मार, बहुधा यांतलंच काहीतरी निघतं. म्हातारपणी संसर्ग असूनही ताप नसू शकतो, तेव्हा "ताप नाही ना, मग उद्या बघू" हे चालणार नाही. याचा एक प्रकार तर सहज नजरेतून सुटतो. माणूस चिडत नाही, उलट गप्प होतो, सारखा पेंगतो, हाक मारली की डोळे उघडून पुन्हा मिटतो. घराला वाटतं, आज जरा शांतता आहे. पण तोही डिलिरियम असतो, आणि कुणाच्या ध्यानात येत नाही म्हणून उपचाराला उशीर होतो.

औषधांचं पान वेगळं ठेवावं. चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्याही त्यात लिहाव्यात. अल्झायमरमध्ये मेंदूतलं ॲसिटिलकोलीन हे रसायन कमी पडतं आणि ते टिकून राहावं म्हणून डोनेपेझिल देतात. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, ॲलर्जीच्या किंवा झोपेच्या गोळीतलं डायफेनहायड्रामिन, लघवी आवरण्यासाठीचं ऑक्सिब्युटिनिन, नैराश्यावरचं ॲमिट्रिप्टिलिन ही औषधं नेमकं त्याच रसायनाचं काम अडवतात. एक साखळी तर फार वेळा तयार होते: डोनेपेझिल सुरू झालं, काहींना त्याने लघवीची घाई लागते, दुसरे डॉक्टर त्यावर ऑक्सिब्युटिनिन देतात, गोंधळ वाढतो, आणि निष्कर्ष निघतो की डोनेपेझिल लागू पडलं नाही. दोन्ही चिठ्ठ्या एका पानावर उतरवल्या असतील तर हे कुणाच्याही लक्षात येतं. डोनेपेझिल साधारण ५ मिलिग्रॅमने सुरू करून चार ते सहा आठवड्यांनी १० वर नेतात. मळमळ, जुलाब, भूक मंदावणं हे बहुधा सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावर होतं, म्हणून डोस वाढवल्याची तारीख लिहावी. नाडी मंद होऊन चक्करही येऊ शकते. ते लगेच कळवायचं. रात्रीच्या गोळीने भीतिदायक स्वप्नं पडत असतील तर गोळी सकाळी दिली तर चालेल का, हे विचारावं. रिव्हास्टिग्मिन या डोनेपेझिलसारखंच काम करणाऱ्या औषधाची त्वचेवर चिकटवायची पट्टी असेल तर नवी लावण्याआधी जुनी काढलेली डोळ्यांनी पाहायची. पाठीवर दोन पट्ट्या राहिल्या तर डोस दुप्पट होतो आणि उलट्या सुरू होतात. जागा रोज बदलायची, एकदा वापरलेल्या जागी १४ दिवस पुन्हा लावायची नाही. "डावा दंड", "पाठ, उजवीकडे वर" एवढं लिहिलं तरी पुरतं.

अंघोळीबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात मोठी झटापट तिथेच होते. त्यांच्या बाजूने पाहिलं तर कुणीतरी, ज्याची ओळख पटेलच असं नाही, कपडे उतरवतंय. अंगाला गार लागतंय. पाण्याचा आवाज घुमतोय. आणि अचानक डोक्यावर पाणी पडतंय. घाबरून हात उगारला जाणारच. म्हणून आधी सगळं हाताशी: टॉवेल दोन, साबण, कोरडे कपडे घालायच्या क्रमाने, पाठ टेकायला जागा असलेलं स्टूल, खाली न घसरणारी चटई. पाणी ३७-३८ अंशांचं, मनगटाच्या आतल्या बाजूवर पाहिलेलं. खांद्यांवरून टॉवेल पांघरायचा आणि त्याखालूनच अंग धुवायचं, म्हणजे उघडंही वाटत नाही आणि थंडीही वाजत नाही. सुरुवात पावलांपासून, मग पाय, मग वर. डोकं सगळ्यात शेवटी, किंवा दुसऱ्याच दिवशी. ओलं फडकं त्यांच्याही हातात द्यायचं. हात कामात असले की झटकाझटक कमी होते. प्रत्येक वेळी आधी सांगायचं, "आता पाय धुते हं," मग हात लावायचा. दोनदा नाही म्हणाले तर विषय सोडायचा आणि अर्ध्या तासाने नव्याने सुरुवात करायची. आठवड्यातून दोन-तीन अंघोळी पुरतात. बाकीच्या दिवशी चेहरा, काखा, जांघा, स्तनांखालच्या आणि पोटाच्या घड्या ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरड्या कराव्यात. ओल राहिली की तिथे बुरशी धरते. अंग पुसताना टाचा, माकडहाड आणि कंबरेची हाडं रोज पाहायची. लालसर डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर ती अंथरुणाच्या जखमेची सुरुवात आहे. तिथला भार लगेच काढायचा आणि डॉक्टरांना किंवा नर्सला दाखवायचं.

न्हाणीघराच्या दाराशीच पाऊल अडत असेल तर जमीन पाहावी. डोळे शाबूत असले तरी मेंदूला खोली आणि रंगांतला फरक नीट कळेनासा होतो. गडद पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं, चकचकीत फरशी ओली वाटते, पांढऱ्या फरशीवर पांढरं भांडं दिसतच नाही. शौचाच्या भांड्याला गडद रंगाची बैठक बसवली आणि पायपुसणं उचललं, एवढ्यानेही काही घरांत अडचण सुटते. आरशातल्या माणसाची भीती वाटत असेल तर आरसा झाकावा.

बोलण्याबाबत माझा एक आग्रह आहे. "आठवतंय का?" आणि "आत्ताच तर सांगितलं!" ही दोन वाक्यं घरातून पार हद्दपार करावीत. नुकतं ऐकलेलं साठवणारा मेंदूचा भागच आधी झिजतो. त्यांच्या लेखी तो प्रश्न पहिल्यांदाच विचारलेला असतो. समोर येऊन, डोळ्यांच्या पातळीवर, एका वेळी एकच गोष्ट सांगायची. "चला, उठा, चपला घाला, आपल्याला निघायचंय" यात चार कामं आहेत. "उठा" म्हणून थांबावं, मनात दहा मोजावेत, मग पुढचं. शब्द पोचायला तेवढा वेळ लागतो, आणि मध्येच पुन्हा बोललं की सगळं पहिल्यापासून. "घरी जायचंय" याला "हेच घर आहे" असं उत्तर दिल्याने काहीही साधत नाही. त्या वेळी भूक, लघवी, कंटाळा किंवा असुरक्षितपणा यांपैकी काय आहे ते पाहायचं आणि "घराबद्दल सांगा ना, अंगण होतं का?" असं विचारत बसायचं. जोडीदार जाऊन कित्येक वर्षं झाली असतील आणि "हे कुठे गेले?" असं आईने विचारलं, तर दर वेळी मृत्यूची बातमी सांगू नये. तिला ती दर वेळी नवी असते, दुःखही तेवढंच ताजं. "तुला बाबांची आठवण येतेय ना" इथून सुरुवात करावी. यात खोटेपणा आहे असं मला वाटत नाही. सुनेवर किंवा मदतनीस बाईंवर चोरीचा आळ आला तर बाजू मांडत बसू नये. सोबत शोधायला लागावं. लपवायच्या जागा बहुधा ठरलेल्या असतात: उशीचा अभ्रा, कपड्यांच्या घड्या, कचऱ्याचा डबा. जागा सापडली की वहीत लिहायची. कचरा टाकण्याआधी उलटून पाहायचा. चष्मा आणि किल्ल्या दोन-दोन करून ठेवायच्या.

जेवताना पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा घास. ताटाचा रंग अन्नापेक्षा वेगळा, ताटात एका वेळी एकच पदार्थ. पुढचा घास देण्याआधी मागचा गिळला का ते पाहायचं, कारण गालात घास साठवून ठेवायची सवय लागते. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. पाणी पिताना ठसका लागणं, जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता येणं, मग दोन दिवसांनी ताप: अन्न श्वासनलिकेत जात असण्याची ही लक्षणं आहेत आणि त्यातून न्यूमोनिया होतो. पाणी दाट करून द्यायचा निर्णय आपण घेऊ नये. गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टकडून तो ठरवून घ्यावा, कारण दाट पाणी नकोसं वाटून पिणंच कमी होतं.

माणूस घराबाहेर निघून जायची भीती असेल तर कडी नजरेच्या पट्ट्याच्या वर किंवा खाली बसवावी. खिशात नाव आणि फोन नंबर, आपल्या मोबाइलमध्ये ताजा फोटो. आत एकट्याला कोंडून मात्र कधीच जायचं नाही. आग लागली तर त्यांना दार उघडता येणार नाही.

वहीत एक रकाना सांभाळणाऱ्याचाही असावा. रात्री कोण किती वेळा उठलं, कोण किती झोपलं. २०२१ साली जगात सुमारे ५.७ कोटी लोकांना डिमेन्शिया होता आणि अशा रुग्णांच्या देखभालीचे ७० टक्के तास बायका देतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरोघरी हे काम मुलीच्या, सुनेच्या किंवा बायकोच्या अंगावर न बोलता येऊन पडतं. लांब राहणारा भाऊ फोनवर विचारतो, "काही लागलं तर सांग." त्याला या रकान्याचा फोटो पाठवावा आणि नेमकं काम द्यावं: शनिवारी रात्री तू इथे झोपायचंस, औषधं तू आणायचीस, बँकेचं आणि विम्याचं सगळं तू पाहायचंस. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. सलग रात्री न झोपलेल्या माणसाच्या हातूनच पट्टी काढायची राहते.

आणि वहीचं पहिलं पान रुग्णालयासाठी. निदान काय, सगळी औषधं डोससह, कशाची ॲलर्जी, चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी आहे का, कोणत्या नावाने हाक मारल्यावर ओ देतात, लघवी लागल्यावर काय करतात, कशाने शांत होतात. निदान लेवी बॉडी डिमेन्शियाचं असेल तर ते सगळ्यात वर, लाल शाईत. रात्री आपत्कालीन विभागात अस्वस्थ रुग्णाला शांत करण्यासाठी हॅलोपेरिडॉल देण्याची शक्यता असते, आणि लेवी बॉडीच्या रुग्णाचं शरीर त्याने ताठ होऊन जिवावर बेतू शकतं. एरवीही डिमेन्शियातल्या वृद्धांना या गटातल्या, म्हणजे अँटिसायकोटिक, औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये या गटातल्या नव्या औषधांसाठी आणि २००८ मध्ये हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांसाठी दिलेला आहे. तेव्हा असं औषध लिहून दिलं की किती दिवसांसाठी आणि बंद कधी करायचं, हे तिथल्या तिथे विचारून तारखेसह उतरवून घ्यावं. या पानाची एक प्रत दाराजवळच्या पिशवीत ठेवायची, आणि औषध बदललं की त्याच दिवशी ती नव्याने लिहायची.