अर्धा वाटा

31 मे

उद्यापासून बोटी बंद. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींनी समुद्रात जायचं नाही, म्हणून आज मासळीवर नुसती झुंबड. मीही गेले. कोपऱ्यावरच्या बाईने बांगड्यांचे पाच-पाचाचे वाटे लावले होते. धीर करून विचारलं, "अर्धा वाटा देशील का गं?"

तिने कोयती खाली ठेवली. "अर्धा? कोणाला गो?"

"एकटीच आहे मी."

"मग उरलेला काय परत दर्यात सोडू?"

आजूबाजूच्या दोघी-तिघी हसल्या. मी निघालेच होते, तेवढ्यात पिशवी घेऊन उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "काकू, मीपण एकटीच आहे. दोघीत घेऊया?" हॉस्पिटलात नर्स आहे, खोली घेऊन राहते. दोन तिला, दोन मला. पाचवा राहिला. बाईने न विचारता तो मधोमध कापला आणि म्हणाली, "डोकं कोणाला, शेपटी कोणाला?" मुलगी म्हणाली, "काकू, तुम्हाला काय आवडतं ते घ्या."

मला सांगताच येईना. बाई खोळंबली, मागची गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी मुलीनेच डोकं उचललं आणि शेपटी माझ्या पिशवीत आली.

घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे. गावी आमच्या घरात अकरा माणसं. सासूबाई, हे, दोन दीर, दोन जावा, मुलं. आंब्याच्या दिवसांत बागेत राखणीला नेपाळी गडी असतात, मग पंधरा पानं होतात. तीस वर्षं मी वाढते आणि मागाहून जेवते. पातेल्यात जे राहील ते माझं. बहुतेक वेळा शेपटीच राहते. त्यात कोणी काही वाईट केलं असं नाही, सासूबाईही तशाच जेवत आल्या. पण बावन्नाव्या वर्षी कोणी विचारलं की बाई तुला कुठला तुकडा आवडतो, तर माझी बोबडी वळली.

रात्री तिरफळं ठेचून तिखलं केलं. एक बांगडा आज खाल्ला. दुसरा आणि शेपटी उद्याला ठेवली. तिखलं दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, त्यामुळे हे शिळं काही वाईट नाही.

4 जून

बदली होऊन इथे रत्नागिरीत आले त्याला आज दोन महिने झाले. थिबा पॅलेसच्या बाजूला वन रूम किचन. किचन म्हणायचं इतकंच, दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. ओटा तीन फुटांचा. त्यावर एक शेगडी, खाली पाच किलोचा छोटा सिलिंडर, आणि भाकरी थापायची तर परात ठेवायला सिंकवर फळी टाकावी लागते. खिडकीतून मान वाकडी केली तर भाट्याच्या खाडीचा एक तुकडा दिसतो. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं आणि 1910 साली एवढा थोरला राजवाडा बांधून दिला. त्याच्या मुदपाकखान्याच्या एका कोनाड्यात माझी अख्खी खोली मावली असती.

जागेची सवय झाली. हाताची होईना. माझा हात अकरा जणांचा आहे. मीठ घेते ते अकराचं, तांदूळ धुवायला काढते ते अकराचे. पहिले पंधरा दिवस रोज भात उरला. फोडणीचा भात, दहीभात, परत फोडणीचा भात. मग म्हटलं, आपण हिशेबाच्या खात्यात नोकरी करतो, सरळ भागाकार करू.

भागाकाराने पार फजिती केली. घरी कुळथाची पिठी करताना मी दीड वाटी पिठीला दहा-बारा वाट्या पाणी घालते. अकराने भागलं तर साधारण दोन चमचे पिठी आणि वाटीभर पाणी. बरोबर ना? घरून आणलेल्या पसरट कढईत ते केलं, तर पाच मिनिटांत पिठीचं पिठलं होऊन बुडाला चिकटलं. पाणी काही माणसं मोजून उडत नाही. कढई तेवढीच रुंद, जाळ तेवढाच मोठा, मग वाटीभर पाणी जातं कुठे? वाफ होऊन खिडकीबाहेर.

आता अर्धा लिटरचं एक उभट पातेलं आणलंय. पिठी गार पाण्यात कालवून ठेवायची, म्हणजे गुठळी होत नाही. लसणीच्या तीन पाकळ्या ठेचून फोडणीला. त्यावर दीड वाटी पाणी, मीठ, हळद, तिखट आणि एकच आमसूल. अर्धं घालून बघितलं, पिठी मुकी लागली. उकळी आली की कालवलेली पिठी सोडायची, गॅस बारीक करायचा आणि हलवणं थांबवायचं नाही. खाली उतरवताना पातळच दिसली पाहिजे. जेवायला बसेपर्यंत ती आपोआप आळते, आणि एकटीला जेवायला बसायला वेळ लागत नाही हे धरून चालायचं.

फोडणीचंही तसंच. चमचाभर तेल मोठ्या पळीत पसरून जातं आणि मोहरी तडतडायच्या आधी करपते. पळी तिरकी धरायची, तेल एका बाजूला गोळा होतं, मोहरी त्यात बुडते. हे मला कोणी सांगितलं नाही. दोनदा करपवल्यावर समजलं.

भात आता कुकरमध्ये थेट लावत नाही. तळाला पाणी, त्यात वाटी, वाटीत दीड मूठ तांदूळ. आमच्याकडे जया पिकतो, जाड तांदूळ, पाणी पितो. दीड मुठीत माझं पोट भरतं. मला वाटायचं मी बरंच खाते.

रात्री फोनवर आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं अर्ध्या लिटरचं पातेलं घेतलं म्हणून. त्या म्हणाल्या, "भातुकली मांडलीस की काय गो?"

9 जून

पाऊस आला. संध्याकाळी ऑफिसातून निघताना छत्री उलटी झाली, घरी पोचले तर लाइट नाही.

नारळ मात्र सकाळीच फोडून बसले होते. इथलं सगळ्यात अवघड प्रकरण नारळच. कोथिंबिरीच्या चार काड्या मिळतात, एक कांदा मिळतो, पण नारळ अर्धा मिळत नाही. तो एकदा फुटला की पुढचे तीन दिवस तो सांगेल तो स्वयंपाक. डोळ्यांची कवड आधी संपवायची, ती लवकर खराब होते, हे आईंचं शास्त्र. आज तिचं वाटण करणार होते. दुसऱ्या कवडीचं उद्या दूध काढून सोलकढी, उरेल ते खवून डबीत घालून फ्रीजरमध्ये.

लाइट नाही म्हणजे मिक्सर नाही. असता तरी फारसा उपयोग नव्हता. मूठभर खोबरं मिक्सरमध्ये घातलं की ते चारी भिंतींना चिकटून बसतं आणि पातं मधे रिकामं फिरत राहतं. झाकण काढा, चमच्याने खाली ढकला, परत लावा. चार वेळा हे केलं की भूक मरते. बारीक फिरायचं तर दोन वाट्या खोबरं हवं, आणि दोन वाट्या वाटणाचं मी काय करू? शेवटी मेणबत्ती लावून खलबत्त्यात कुटलं. खोबरं, लसूण, सुकी मिरची, थोडी कोथिंबीर. भरड राहिलं. पण खोबरं दाताखाली आलं, आणि मला ते आवडलं. घरी भरड वाटण झालं असतं तर मोठ्या दिरांनी ताटातच बोट फिरवून बाजूला काढलं असतं.

मला भरड वाटण आवडतं. लिहून ठेवते.

12 जून

सुकट भाजली. मूठभर सुकट, पण वास अख्ख्या जिन्यात. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सकाळी बोलून दाखवलं. काय म्हणाल्या ते लिहीत नाही. पावसाळ्यात कोकणात राहायचं आणि सुकटीच्या वासाला नाक मुरडायचं, म्हणजे कमालच झाली. यापुढे रविवारी दुपारी भाजेन, त्या झोपलेल्या असतात.

18 जून

बाजारात टाकळा आला! रस्त्याच्या कडेला दोघी-तिघी बसलेल्या, पुढ्यात कोवळ्या टाकळ्याचे वाटे. या वेळी अर्धा मागायची वेळच आली नाही. टाकळ्याचा वाटा पिशवीभर दिसतो आणि शिजून मूठभर होतो. निसर्गाने एकटीसाठी काही केलं असेल तर ही भाजी.

पानं खुडून, धुऊन, बारीक चिरून घेतली. कांदा, लसूण, हिरवी मिरची, वरून फ्रीजरमधलं खोबरं. चार आठळ्या उकडून ठेचून घातल्या. आठळ्या घरून आलेल्या, एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती. त्याच पिशवीत पाच किलो पिठीचा डबाही होता. आईंनी पाठवला. पाच किलो! दोन चमच्यांनी मोजते, संपायला पुढची बदली येईल.

भाजीबरोबर तांदळाची भाकरी. एका भाकरीची उकड म्हणजे पाणी वाटीभरसुद्धा नाही, पण ती मळायला हात तेवढाच भाजतो. पहिली भाकरी तव्यावर नीट फुगली. एरवी पहिली फुगलेली भाकरी सासऱ्यांच्या पानात जायची, ते गेल्यावर ह्यांच्या. मी तव्याजवळ उभ्यानेच तोडली आणि फुंकर घालत खाल्ली. चव घ्यायला म्हणून घेतलेला तुकडा, बघता बघता अर्धी संपली.

22 जून

शनिवार-रविवार घरी जाऊन आले. शनिवारी रात्री स्वयंपाक मीच केला. भाताचं पातेलं उतरवलं, वाढायला घेतलं आणि आठव्या पानाशी डाव तळाला लागला. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, रत्नागिरीत पोटं लहान असतात काय?" पोरं हसली. हे काही बोलले नाहीत, उठून तांदळाचा डबा काढायला गेले. मी दुसरं पातेलं चढवलं. तोवर आई म्हणाल्या, "माझं राहू दे, मी तुझ्याबरोबर बसते."

दोघी जेवायला बसलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. मुशीचं सुकं होतं, खारवलेल्या. मी त्यांना विचारलं, "आई, तुम्हाला माशाचा कुठला तुकडा आवडतो?"

त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "मधला. पण सांगू नको कोणाला."

आज पहाटेच्या गाडीला निघताना पिशवी दिली. इथे येऊन उघडली, तर मेतकूट होतं. मुरंब्याच्या छोट्या बाटलीत, जेमतेम दहा चमचे.