सूचनाफलकावरची निविदा आणि स्लोव्हाकियाचा कायदा

2007 साली स्लोव्हाकियाच्या बांधकाम आणि प्रादेशिक विकास मंत्रालयाने युरोपीय निधीशी संबंधित सेवांसाठी एक मोठी निविदा काढली आणि तिची सूचना मंत्रालयाच्याच इमारतीतील एका फलकावर लावली. हा फलक सर्वसामान्य माणसाची सहज ये-जा नसलेल्या भागात होता. निविदा एकाच गटाची आली आणि कंत्राट त्यालाच मिळाले. या गटातील कंपन्या सत्ताधारी आघाडीतील एका पक्षाच्या नेत्याला जवळच्या मानल्या जात होत्या. कंत्राटाची रक्कम सुमारे 12 कोटी युरो होती. प्रकरण बाहेर आल्यावर एप्रिल 2009 मध्ये मंत्री मारियान यानुशेक यांना पद सोडावे लागले. त्या देशात हे प्रकरण आजही ‘सूचनाफलकाची निविदा’ याच नावाने ओळखले जाते.

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, सूचना प्रसिद्ध केल्याचा दावा मंत्रालयाला करता येत होता. फलक होता आणि त्यावर कागदही होता. सार्वजनिक खरेदीतला भ्रष्टाचार बहुधा असाच नियमाच्या चौकटीत बसवून केला जातो. कामाचे तुकडे पाडले जातात, अटी एकाच ठेकेदाराच्या मापाच्या बेतल्या जातात, मुदत इतकी कमी ठेवली जाते की ज्याला आधीपासून माहीत आहे तोच कागदपत्रे वेळेत जमवू शकतो. फाइल तपासली तर प्रत्येक पानावर सही असते.

समाजवादी राजवटीतून बाहेर पडलेल्या देशांमध्ये हा प्रश्न अधिक तीव्र होण्याला कारण आहे. चेकोस्लोव्हाकियात जवळपास सर्व उद्योग सरकारच्या मालकीचे होते. 1990 च्या दशकात ते खाजगी हाती गेले, तेव्हा सत्तेच्या जवळच्या लोकांनी स्लोव्हाकियात मोठी मालमत्ता मिळवली. विकण्याजोगे फारसे उरले नाही तेव्हा सरकारी खरेदी हाच सार्वजनिक पैशापर्यंत पोहोचण्याचा मुख्य मार्ग राहिला, आणि 2004 मध्ये युरोपीय संघात प्रवेश झाल्यावर त्या मार्गाने येणारा पैसाही वाढला.

2010 च्या निवडणुकीनंतर इव्हेता रादिचोव्हा पंतप्रधान झाल्या. त्यांच्या सरकारने केलेला कायदा 1 जानेवारी 2011 पासून लागू झाला, आणि तो मला या विषयातला सर्वांत विचारपूर्वक केलेला कायदा वाटतो. सरकारी संस्थांनी आपले करार इंटरनेटवर ठेवावेत, एवढेच तो सांगत नाही. करार प्रकाशित झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच अंमलात येईल आणि तीन महिन्यांत प्रकाशित झाला नाही तर तो झालाच नाही असे समजले जाईल, अशी त्याची तरतूद आहे. यामुळे प्रकाशनाची चिंता नागरिकाबरोबर ठेकेदारालाही करावी लागते, कारण करार अंमलातच आला नसेल तर बिलाचे पैसे कशाच्या आधारावर मागायचे? अधिकाऱ्याला दंड करण्याची तरतूद ठेवली असती तर दंड कोणी करायचा, केव्हा करायचा, यावर वर्षे गेली असती. येथे शिक्षा आपोआप होते.

आपल्याकडे 2005 च्या माहिती अधिकार कायद्यातील कलम 4 शासकीय संस्थांना स्वतःहून माहिती प्रकट करण्यास सांगते. ते मोलाचे कलम आहे, आणि महाराष्ट्रात या हक्कासाठी झालेल्या आंदोलनाचा मला अभिमान आहे. परंतु कार्यालयाने माहिती दिली नाही म्हणून कोणताही करार थांबत नाही. अर्ज करायचा, 30 दिवस वाट पाहायची, मग अपील करायचे, हा सगळा भार नागरिकावर पडतो आणि तोपर्यंत काम पूर्ण होऊन पैसे दिलेले असतात. स्लोव्हाकियात माहितीसाठी नागरिकाला थांबावे लागत नाही, थांबतो तो करार. माझ्या मते आपल्या महापालिकांच्या कंत्राटांनाही हीच अट लावायला हवी.

अर्थात, करार दिसू लागला म्हणजे चोरी थांबली असे नाही. 2014 च्या शरद ऋतूत पिएश्त्यानी या गावच्या रुग्णालयाने सीटी स्कॅन यंत्र सुमारे 16 लाख युरोंना घेण्याचा करार केल्याचे उघड झाले आणि चेक प्रजासत्ताकातील रुग्णालयांनी मोजलेल्या बऱ्याच कमी किमतींशी त्याची तुलना होऊ लागली. लोक रस्त्यावर उतरले. आरोग्यमंत्री आणि संसदेचे सभापती या दोघांनाही पद सोडावे लागले. या प्रकरणात किंमत कळली, पण त्या कंपनीचा खरा लाभार्थी कोण, हा प्रश्न कागदावरून सुटत नव्हता.

पुढची पायरी त्या प्रश्नावर होती. 1 फेब्रुवारी 2017 पासून सरकारकडून ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पैसे घेणाऱ्या प्रत्येक कंपनीला आपले अंतिम लाभार्थी, म्हणजे प्रत्यक्ष माणसांची नावे, सार्वजनिक नोंदवहीत द्यावी लागतात. वकील, नोटरी, लेखापरीक्षक यांच्यासारख्या व्यावसायिकाने ती तपासून हमी द्यायची असते आणि नोंद खोटी निघाली तर कंपनीला दंड होतो. या नोंदवहीचा उपयोग स्लोव्हाकियाबाहेरही झाला. चेक पंतप्रधान आंद्रेय बाबिश यांनी आपली आग्रोफेर्ट ही कंपनी विश्वस्त निधीकडे सोपवली होती, तरी तिचे लाभार्थी म्हणून स्लोव्हाक नोंदवहीत त्यांचे नाव होते. 2018 मध्ये चेक कार्यकर्त्यांनी त्याच नोंदीच्या आधारे तक्रार केली आणि युरोपीय आयोगाच्या लेखापरीक्षणाने हितसंबंधांचा संघर्ष असल्याचा निष्कर्ष काढला.

हे कागद वाचणाऱ्यांना किती मोठी किंमत मोजावी लागते, हेही याच देशाने पाहिले. यान कुत्सियाक हा 27 वर्षांचा पत्रकार सार्वजनिक नोंदी चाळून, कंपन्यांचे धागे जोडून लिहीत असे. फेब्रुवारी 2018 मध्ये त्याची आणि त्याची वाग्दत्त वधू मार्तिना कुश्निरोव्हा हिची राहत्या घरी गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतरच्या निदर्शनांमुळे पंतप्रधान रोबेर्त फित्सो यांना राजीनामा द्यावा लागला. फित्सो 2023 मध्ये पुन्हा सत्तेवर आले आणि मार्च 2024 मध्ये त्यांच्या सरकारने भ्रष्टाचाराचे मोठे खटले चालवणारे विशेष अभियोक्ता कार्यालय बंद केले.

सूचनाफलकाच्या खटल्यात यानुशेक यांना कारावासाची शिक्षा व्हायला निविदा निघाल्यापासून दहा वर्षांहून अधिक काळ लागला होता, आणि तोही असे विशेष कार्यालय अस्तित्वात असताना. आज करार पूर्वीसारखेच प्रकाशित होतात आणि कोणालाही वाचता येतात. मात्र त्यांत गैरव्यवहार सापडला तर तो न्यायालयापर्यंत नेण्याचे काम आता सर्वसाधारण अभियोक्त्यांकडे गेले आहे.