पुढची संख्या आणि पन्नासावे पद

शिष्यवृत्तीच्या जादा तासाला संख्यामालिका चटाचट सोडवणारी मुले दहावीच्या अंकगणिती श्रेढीत, म्हणजे समान फरकाने पुढे जाणाऱ्या संख्यांत, अडखळतात, हे आपल्या शाळेतल्या बऱ्याच जणांनी पाहिले असेल. त्यांचे गणित कच्चे असते असे नाही. मालिकेत पुढची एक संख्या हवी असते, श्रेढीत एकदम पन्नासावी.

मालिकेची सुरुवात वजाबाकीने करावी. शेजारच्या संख्यांमधले फरक खालच्या ओळीत लिहायचेच, तोंडी हिशेब नको. ३, ७, १५, ३१ मधले फरक ४, ८, १६. ते दुप्पट होत जातात, म्हणून पुढे ६३. फरक कधी अधिक, कधी उणे येऊ लागला तर बहुधा दोन मालिका एकमेकींत गुंफलेल्या असतात. ३, २०, ६, १८, ९, १६ मध्ये एकाआड एक संख्या वेगळ्या काढल्या की १२ मिळते.

आता ५, ८, ११, १४ ही श्रेढी घ्या. १७ कोणीही सांगेल. पन्नासावे पद विचारले की वहीत ५ + ५० × ३ = १५५ उमटते. पण पहिले पद आयते मिळालेले असते, तिथून पन्नासाव्यापर्यंत ३ हा फरक ४९ वेळाच मिळवायचा, उत्तर १५२. सूत्रातले ‘वजा एक’ घोकण्यापेक्षा एक पाऊल मागे जावे. ५ च्या आधी २ धरला की कोणतेही पद म्हणजे २ अधिक क्रमांकाची तिप्पट. माझ्या मते सूत्र फळ्यावर येण्याआधी हे यायला हवे.

फरकांचेही फरक काढावे लागतात तिथे खरी मजा आहे. २, ७, १६, २९, ४६ मधले फरक ५, ९, १३, १७. त्यांचे फरक सगळे ४. या ४ ची निमपट २, म्हणून नियमात क्रमांकाच्या वर्गाची दुप्पट असणार. ती २, ८, १८, ३२, ५०. मूळ पदांतून वजा केली की ०, –१, –२, –३, –४ उरतात. इथे चिन्ह चुकते, कारण मुले मोठ्यातून लहान वजा करून मोकळी होतात. दहावे पद २०० – ९ = १९१.

एवढे करूनही नियम हा अंदाजच असतो. १, २, ४, ८, १६ च्या पुढे परीक्षेत ३२ ला गुण मिळतात. पण वर्तुळावर बिंदू घेऊन प्रत्येक दोन बिंदू जीवेने जोडा आणि आत पडलेले भाग मोजा. एका बिंदूला १ भाग, मग २, ४, ८, पाच बिंदूंना १६, आणि सहा बिंदूंना ३१! वर्तुळ मोठे काढावे, प्रत्येक भागात पेन्सिलीने आकडा घालावा, नाहीतर मधले बारीक त्रिकोण सुटतात. सहा बिंदू समान अंतरावर मात्र घेऊ नयेत. तीन जीवा केंद्रात एकत्र येतात, मधला त्रिकोण नाहीसा होतो आणि ३०च भरतात.