हाइट किती?

वर्सोव्याच्या आराम नगरात मी कास्टिंगचं काम करते. जुनी बैठी घरं, त्यांचे झालेले ऑडिशन स्टुडिओ आणि दारोदार पोरापोरींच्या रांगा. त्या दिवशी एका मालिकेसाठी व्हीलचेअरवरचा भाऊ हवा होता. सकाळपासून जिममध्ये कमावलेली मुलं भाड्याच्या खुर्चीत बसून रडून दाखवत होती. दुपारी एक जण स्वतःची खुर्ची घेऊन आला.

हा स्टँड-अप कॉमेडी करतो. शोआधी आयोजकांना टॉयलेटच्या दाराची रुंदी मोजायला लावतो आणि ९०० मिमीपेक्षा कमी निघाली की माप स्टेजवरून जाहीर करतो. बिचारे आयोजक पहिल्या रांगेत बसून ऐकतात!

आमच्या दाराशी दोन पायऱ्या. ऑफिसमधल्या पोरांनी प्लायचा तुकडा टेकवला. त्याने मान तिरकी करून पाहिलं. "एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो, दादा. ही घसरगुंडी झाली."

"उचलून घेऊ?"

"मी काय गणपती आहे? मग मोरया पण म्हणा."

शेवटी कॅमेराच बाहेर काढला. रिक्षांचे हॉर्न, कावळे, सगळं रेकॉर्ड होत होतं.

पाटीवर नाव, वय, हाइट लिहून इंट्रो घेतात. सवयीने मी विचारलं, "हाइट?"

"बसून सांगू की आडवं होऊन?"

डावा प्रोफाइल, उजवा प्रोफाइल. एका हाताने चाक जरासं मागे ओढून तो खडूच्या खुणेवर अचूक थांबायचा. सकाळच्या पोरांना खुर्ची सरळसुद्धा नेता येत नव्हती. संवाद होता, "आई, मी तुमच्यावर ओझं आहे." जेवताना मीठ मागावं तसं त्याने ते म्हटलं. कॅमेरामन इतका हसला की फ्रेम हलली.

क्लिप दिग्दर्शकाला आवडली. पण ट्रॅकच्या, म्हणजे भावाच्या उपकथेच्या, शेवटी भाऊ उभा राहणार होता, देवीच्या आरतीत. चालता येणाराच पाहिजे. हे सांगायचं काम अर्थातच माझं.

"आजीसुद्धा मरणार आहे ना या मालिकेत?" तो म्हणाला. "तिला खरंच मारणार?"

मग चहा घेताना लिझ कारबद्दल सांगत बसला. ब्रिटिश बाई, व्हीलचेअर वापरते, आधी स्टँड-अप केलं. बीबीसीच्या 'सायलेंट विटनेस'मध्ये २०१३ ते २०२० फॉरेन्सिक तज्ज्ञ झाली. प्रेतं, पुरावे, टोमणे. कुणी तिला बरं केलं नाही. २०२२ मध्ये नाटकातल्या सहायक भूमिकेसाठी ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. इच्छामरणाच्या कायद्याविरुद्ध ती वर्षानुवर्षं लढतेय. २०२४ मध्ये त्यावर बीबीसीसाठी माहितीपटही केला. "त्या कायद्याआडून आम्हाला 'सुटलास बाबा' म्हणतील, ही तिची भीती," तो म्हणाला, "आणि तुमची मालिका तेच म्हणते, फक्त आरती लावून."

भूमिका जिमवाल्या मुलाला गेली. आठवड्याभराने प्रॉडक्शनने ह्यालाच फोन करायला सांगितलं: हिरोला खुर्ची चालवायला शिकवशील का?

त्याने हिरोच्या दुप्पट पर डे, म्हणजे दिवसाचा मोबदला, सांगितला. तोही आमच्याकडे मिळतो तसा नव्वद दिवसांनी नाही, आगाऊ.